पाच सीसी रक्त

मुंबई इलाख्यात सरकारी परवान्याने गांजा पिकवणाऱ्या जिल्ह्यांत अहमदनगरचे नाव ठळक होते. आज याच जिल्ह्यातल्या देवळाली प्रवराच्या शिवारातला ऊस, कांदा आणि घास पाहणाऱ्याला हे पटकन खरे वाटणार नाही. पण एकोणिसाव्या शतकात या जिल्ह्यात हे पीक उघडपणे घेतले जाई आणि त्यावर सरकार महसूल घेई. १८९३ साली लंडनच्या पार्लमेंटात या व्यसनाबद्दल प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा हिंदुस्थान सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचा आयोग नेमला. सातांपैकी तिघे हिंदी होते. आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षीदार तपासले आणि १८९४ मध्ये हजारो पानांचा अहवाल दिला. माफक सेवनाने माणसाचे फारसे बिघडत नाही, सरसकट बंदी नको, परवाने ठेवा आणि कर वाढवा, असा त्याचा मथितार्थ होता.

त्या अहवालात वेडाचा विचार आहे, गुन्ह्यांचा आहे, धर्माचा आणि महसुलाचाही आहे. मोटारीचा नाही, कारण मोटारच नव्हती. नगरच्या बाजाराहून रात्री परतणाऱ्या गाडीवानाने चिलीम ओढली आणि त्याला गुंगी आली, तरी बैल गाडी घरी आणत. नशेची किंमत नशा करणारा आणि त्याचे घर मोजत असे. वाटेवरच्या अनोळखी माणसाला ती मोजावी लागू लागली मोटार आल्यावर. अहवालाला तीन वर्षे होतात न होतात तोच, सप्टेंबर १८९७ मध्ये, लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ नावाच्या टॅक्सीचालकाने दारूच्या नशेत आपली विजेवरची गाडी एका इमारतीवर घातली. त्याला पंचवीस शिलिंग दंड झाला. नशेत मोटार चालवल्याबद्दल झालेली ही पहिली शिक्षा म्हणून इतिहासात नोंदली गेली आहे.

आपल्या भागात चाकांना वेग आला तो पाण्यामुळे. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांनी राहुरी, श्रीरामपूर, राहाता हा पट्टा भिजला आणि ज्वारी-बाजरीच्या जमिनीत ऊस उभा राहिला. हरिगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना त्याच दशकातला. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी कारखाना उभा केला, त्याचा पहिला हंगाम १९५०-५१चा. देवळाली प्रवराच्या शेजारी राहुरीचा कारखाना आला आणि ‘राहुरी फॅक्टरी’ हे ठिकाणाचेच नाव होऊन बसले. उसाबरोबर मळी आली, मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या डिस्टिलऱ्या आल्या. ऊस वाहायला आधी बैलगाड्या आणि ट्रक, नंतर ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या आल्या. नगर–मनमाड रस्त्यावर गळीत हंगामाच्या रात्री ऊस, कांद्याचे ट्रक, एसटी, शिर्डीच्या भाविकांच्या गाड्या आणि पायी निघालेल्या पालख्या एकाच डांबरावर चालतात. साखर, दारू आणि वाहतूक ही तिन्ही जिथे एकाच पिकातून वाढली, तिथे नशेत गाडी चालवण्याचा प्रश्न मुंबई-पुण्याचा म्हणून बाजूला सारता येत नाही.

याच काळात कायद्यात एक वाक्य आले. १९३९च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ मध्ये म्हटले होते की, जो कोणी दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अंमलाखाली, वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ होईल इतका असताना वाहन चालवील, तो शिक्षेस पात्र. हे वाक्य आपले नव्हते. १९३०च्या ब्रिटिश रस्ते-वाहतूक कायद्यात ते जवळजवळ याच शब्दांत आहे. ते वाचायला सरळ आहे. कोर्टात मात्र त्यातला ‘इतका’ हा शब्द अडचणीचा ठरला. इतका म्हणजे किती? हे ठरवायचे कोणी? फौजदाराने, डॉक्टरने की समोरून आलेल्या सायकलवाल्याने?

मुंबई राज्यात या प्रश्नाला आणखी एक पीळ पडला तो दारूबंदीमुळे. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी लागू झाली. आता नुसते पिणे हाच गुन्हा होता. गाडी चालवली की नाही हा पुढचा मुद्दा. एफ. एन. बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिले. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी वैध ठरवला, पण मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्या सेवनावरची बंदी रद्द केली. टॉनिक प्यायला माणूस आता मोकळा होता.

यानंतर अवघ्या चार दिवसांनी, २९ मे १९५१च्या रात्री साडेनवाच्या सुमारास, मुंबईत कुलाब्याकडे जाणाऱ्या एका जीपने तिघांना उडवले. जीप चालवत होते बेहराम खुर्शीद पेसिकाका, मुंबई विभागाचे तेव्हाचे हंगामी प्रादेशिक परिवहन अधिकारी. म्हणजे लोकांना वाहन चालवण्याचे परवाने ज्या कचेरीतून मिळतात, त्या कचेरीचे प्रमुख. त्यांना सेंट जॉर्जेस रुग्णालयात नेण्यात आले. डॉक्टरने नोंदवले की तोंडाला मद्यार्काचा वास आहे, डोळे लाल आहेत, बाहुल्या काहीशा विस्फारलेल्या आहेत. पण बोलणे सुसंगत आहे, सरळ रेषेत चालता येते. निष्कर्ष असा की, कोणत्या ना कोणत्या रूपात मद्यार्क घेतला आहे, परंतु माणूस अंमलाखाली दिसत नाही.

पेसिकाका यांचा बचाव साधा होता. आपण दारू घेतली नाही, बी. जी. फॉस नावाचे टॉनिक घेतले. बाटलीवरच्या लेबलाप्रमाणे त्या टॉनिकात सतरा टक्के मद्यार्क होता. दंडाधिकाऱ्याने त्यांना सोडले. उच्च न्यायालयाने दारूबंदी कायद्याखाली दोषी धरून महिन्याची सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड दिला. आपण औषधच घेतले हे आरोपीने सिद्ध करावे, असे उच्च न्यायालयाचे म्हणणे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे न्यायाधीशांत मतभेद झाले, घटनापीठापुढे प्रश्न गेला आणि सप्टेंबर १९५४ मध्ये बहुमताने ठरले की, पोटातला मद्यार्क औषधातला नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे. शिक्षा रद्द झाली.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला मूलभूत हक्कांचा म्हणून शिकवला जातो. घटनाबाह्य ठरलेल्या कलमाचे पुढे काय होते, याची त्यात सुंदर चर्चा आहे. ती महत्त्वाची आहेच. पण मला त्या निकालात दुसरेच काही ठळक दिसते. तीन माणसे रस्त्यावर पडली होती आणि तीन वर्षे चाललेल्या युक्तिवादाचा मध्यबिंदू टॉनिकची बाटली होती. त्या रात्री चालकाच्या रक्तात मद्यार्क किती होता, हा आकडा या सगळ्या वादात कुठेच नाही.

तो आकडा आणण्याचे काम मुंबई राज्याने केले, आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. १९५९ साली, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, दारूबंदी कायद्यात दुरुस्ती झाली. रक्तात वजन-आकारमानाच्या ०.०५ टक्के किंवा अधिक मद्यार्क सापडला, तर तो औषधाचा होता हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर टाकली गेली. पेसिकाका निकालाला विधिमंडळाने दिलेले हे उत्तर होते. संशयिताला डॉक्टरकडे नेऊन रक्त घेण्याचा अधिकार कलम १२९-अ ने दिला आणि त्याबरोबर त्याच वर्षी नियमही झाले.

हे नियम आजही वाचावेत असे आहेत. लिहिणाऱ्याला कोर्टात काय होते ते पुरते ठाऊक होते. रक्त शिरेतून घ्यायचे, किमान पाच सीसी. सुई-सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायची. रक्त काढताना कोणत्याही टप्प्यावर मद्यार्काचा स्पर्श होता कामा नये, म्हणजे एरवी प्रत्येक इंजेक्शनच्या आधी दंडाला लावतात तो स्पिरिटचा बोळा इथे चालणार नाही. कुपीत रक्त गोठू नये आणि नासू नये म्हणून द्रव्ये हवीत. कुपीवर डॉक्टरची मोहोर, लेबल, नाव. आणि नमुना सात दिवसांत तपासनिसाच्या हाती पोचला पाहिजे.

पाच सीसी म्हणजे एक चहाचा चमचा. महाराष्ट्रात नशेत गाडी चालवणाऱ्याला शिक्षा होणार की नाही, हे पुढची साठ-पासष्ट वर्षे या चमचाभर रक्ताच्या प्रवासावर ठरत आले.

पहिली कसोटी खानदेशात लागली. एप्रिल १९६१ मध्ये धुळे भागात एका मोटारीला अपघात झाला. चालकाचे रक्त डॉक्टरने घेतले, मुंबईला पाठवले, अहवालात ०.०६९ टक्के मद्यार्क आला. मर्यादेच्या वर. तरी ‘उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वाद आकड्याचा नव्हता. रुग्णालयात रक्त घेतल्यापासून प्रयोगशाळेत ते उघडेपर्यंत कुपी कोणाकडे होती, कशी ठेवली होती, मोहोर कोणी लावली, याचा पुरावा खटल्यात नीट आलाच नव्हता. सत्र न्यायालयाने पुन्हा सगळा खटला चालवा म्हटले. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पुन्हा पहिल्यापासून नको, राहिलेला पुरावा तेवढा घ्या. पोलिसांनी नेण्याआधी, उपचारासाठी दाखल झालेल्या माणसाचे डॉक्टरने घेतलेले रक्त पुराव्यातून बाद होत नाही, हेही या निकालाने स्पष्ट केले. तालुक्याच्या ठिकाणी हे फार मोलाचे आहे, कारण अपघातानंतर चालक आधी दवाखान्यात जातो आणि पोलीस मागाहून येतात.

आठ वर्षांनी याच सर्वोच्च न्यायालयाने दुसरी बाजू दाखवली. ‘बच्चूभाई हसनअली कार्यानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९७१च्या खटल्यात चालकाच्या तोंडाला वास होता, झोक जात होता, बोलणे अडखळत होते, बाहुल्या विस्फारल्या होत्या. रक्त मात्र तपासले नव्हते. तेवढ्यावरून माणूस दारूच्या अंमलाखाली होता असे धरता येणार नाही, असा निकाल लागला. पेसिकाका प्रकरणानंतर वीस वर्षांनीही कुठल्याशा ठाण्यात ‘वास येतो’ एवढ्या शेऱ्यावर केस उभी केली जात होती, आणि कोर्टात ती टिकत नव्हती. यात न्यायालयाचा दोष नाही. वासावरून कोणाला तुरुंगात धाडू लागलो तर उद्या फौजदाराच्या नाकावर सगळ्यांचे स्वातंत्र्य टांगले जाईल.

मधल्या काळात दारूबंदी सैल होत गेली. साठीच्या दशकात परवाने मोकळे झाले, पुढे देशी दारूची दुकाने आली, मळीला गिऱ्हाईक मिळाले. कायद्याचे नाव दारूबंदीचे राहिले आणि राज्याच्या तिजोरीत दारूचा महसूल वाढत गेला. या विसंगतीला सर्वांत कडक उत्तर आमच्याच जिल्ह्यातून आले. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला १९७५ मध्ये लष्करातून निवृत्त झालेले अण्णा हजारे परतले. लष्करात ते ट्रकचालक होते. १९६५च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर त्यांच्या वाहनावर हल्ला झाला होता आणि ते वाचले होते. त्यांनी गावातल्या दारूच्या भट्ट्या बंद करवल्या. न ऐकणाऱ्या दारुड्याला देवळासमोर खांबाला बांधून फटके देण्यापर्यंत गाव गेले. त्या गावाचे पुढे जे भले झाले ते सगळ्यांना माहीत आहे. पण माणसाला खांबाला बांधणे मला तेव्हाच्या वर्णनातही पटत नाही, आजही पटत नाही. शिवाय गावाच्या वेशीपर्यंत चालणारा हा उपाय रस्त्यावर चालत नाही. नगर–मनमाड रस्त्यावरून जाणारा ट्रक पंजाबचा असतो, मालक गुजरातचा, चालक तिसऱ्याच राज्याचा आणि खाली सापडणारा राहुरीचा. तिथे पाहिजे मोजमाप आणि पुरावा.

मोजमापाचा कायदा दिल्लीतही घडत होता. १९८८च्या नव्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ने आधी टोकाची भूमिका घेतली: रक्तात मद्यार्क कितीही अल्प असो, गुन्हा. १९९४च्या दुरुस्तीने मर्यादा आली: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त. ब्रिटनने १९६७ मध्ये ८०ची मर्यादा घातली. आपली तिच्या निम्म्याहून कमी, म्हणजे कागदावर आपण कडक आहोत. पण त्या दुरुस्तीत एक फट राहिली. हे प्रमाण ‘ब्रेथ अ‍ॅनालायझरच्या चाचणीत’ आढळले पाहिजे, असे शब्द पडले. पोलिसांनी फुंकायला न लावता थेट रक्त तपासले, तर आरोपीचे वकील नेमके या शब्दांवर बोट ठेवत आणि चालक सुटत. ती फट बुजायला २०१९ उजाडावे लागले. तेव्हा प्रयोगशाळेतली चाचणी कायद्याच्या शब्दांत आली आणि पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, पुढच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा झाली.

नुसते पिऊन चालवणे वेगळे आणि माणूस मारणे वेगळे. ते वेगळेपण मुंबईने २००६ मध्ये पाहिले. १२ नोव्हेंबरच्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक टोयोटा कोरोला पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण गेले, आठ जखमी झाले. तो रस्ता दुरुस्त करण्याच्या कामावरच ती माणसे होती. चालक अ‍ॅलिस्टर परेरा याच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क निघाला, म्हणजे १०० मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम. सत्र न्यायालयाने एप्रिल २००७ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल सहा महिने कैद आणि पाच लाख रुपये दंड दिला. सात माणसे आणि सहा महिने! वृत्तपत्रांत जनक्षोभ उमटला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली दोषी धरून तीन वर्षांची सक्तमजुरी दिली. दारू पिऊन, वेगाने, माणसे झोपतात हे ठाऊक असलेल्या रस्त्यावरून गाडी हाकणाऱ्याला परिणामाची जाणीव असतेच, हा त्यामागचा विचार. १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला. तीन वर्षे ही शिक्षा फार कमी आहे, असे मत नोंदवून न्यायालयाने पुढे म्हटले की, ती वाढवून मागायला राज्य सरकार आलेच नाही, म्हणून आम्ही वाढवत नाही.

हे वाक्य वाचून मला अजून राग येतो. सात मजुरांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात अपील करायला राज्याला वेळ झाला नाही.

कार्टर रोडच्या खटल्यात रक्ताचा कागद टिकला. त्याआधी २८ सप्टेंबर २००२च्या रात्री वांद्र्यातच एका बेकरीसमोर झोपलेल्यांवर सलमान खानची गाडी गेली, एक माणूस मेला. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने अभिनेत्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. तो गाडी चालवत होता आणि प्यालेला होता, हे दोन्ही संशयापलीकडे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने ठरवले. रक्ताच्या नमुन्याची हाताळणी त्यातही वादात होती. १९६१ मध्ये धुळ्याच्या कुपीबद्दल विचारलेले प्रश्नच चार दशकांनी मुंबईच्या कुपीबद्दल विचारले गेले.

आणि मग १९ मे २०२४. पुण्याच्या कल्याणीनगरात पहाटे अडीचच्या सुमारास एका पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोघा तरुण अभियंत्यांना मारले. चालवणारा सतरा वर्षांचा. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला आणि अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. निबंधावर महाराष्ट्र संतापला, ते साहजिक होते. पण त्याहून गंभीर बाब काही दिवसांनी समोर आली. ससून रुग्णालयात मुलाचे रक्त फेकून दुसऱ्याचे रक्त कुपीत भरले, असा आरोप ठेवून पोलिसांनी तिथल्या डॉक्टरांना अटक केली. १९५९च्या नियमांनी डॉक्टरच्या मोहोरेवर सगळा विश्वास टाकला होता. मोहोर लावणाराच विकला गेला तर काय करायचे, याचे उत्तर त्या नियमांत नाही. ते आपण आता शोधायचे आहे: दोन नमुने, दोन साक्षीदार, रक्त घेतानाचे चित्रीकरण. हे खर्चाचे काम नाही.

आता १९३९च्या त्या वाक्याकडे येतो. दारूच्या बाबतीत कायदा ‘इतका’वरून ‘कितीही अल्प’वर गेला, तिथून ३० मिलिग्रॅमवर आला. फुंकायचे यंत्र आले, प्रयोगशाळा आली. अमली पदार्थांच्या बाबतीत मात्र कलम १८५ मध्ये आजही तेच वाक्य आहे: वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ होईल इतका अंमल. १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा झाला. गांजा, अफू, हेरॉइन, कोकेन त्यात आले, मेफेड्रोन २०१५ मध्ये जोडले गेले. २०१९च्या दुरुस्तीने हे सगळे पदार्थ मोटार कायद्याच्या व्याख्येतही घातले. किती प्रमाणात सापडले तर गुन्हा, हे मात्र कोणी लिहिले नाही. ज्या ब्रिटनचे १९३०चे वाक्य आपण उचलले, त्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये मार्च २०१५ पासून एकेका पदार्थाची रक्तातली मर्यादा ठरवली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २००४ पासून रस्त्यावर लाळेची चाचणी होते. आपल्याकडे नाकाबंदीत फुंकायला लावतात. गांजा ओढलेला किंवा गोळ्या घेतलेला चालक त्या नळीत फुंकतो, यंत्र शून्य दाखवते आणि तो पुढे निघतो.

हे अवघड आहे हेही मान्य करायला हवे. मद्यार्क शरीरातून ठरावीक गतीने उतरतो, दर १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. गांजाचे तसे नाही. नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश कित्येक दिवस सापडतात, आणि ते सापडले म्हणून तो आज सकाळी नशेत होता असे म्हणता येत नाही. लांब पल्ल्याच्या ट्रकवर जाग राहावी म्हणून अफूचा डोडा खाणारे चालक आहेत. त्याने थकवा जात नाही. खोकल्याचे कोडीनयुक्त औषध, झोपेच्या गोळ्या, सर्दीची साधी गोळी यांनीही हातपाय सुस्तावतात, आणि त्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर घेतलेल्या असू शकतात. पेसिकाकांच्या टॉनिकचा प्रश्न पुन्हा नव्या बाटलीत समोर उभा आहे. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने अवघड आहे म्हणून हात वर केले नव्हते. आकडा ठरवला, नियम लिहिले, कुपीत काय घालायचे ते सांगितले. तेव्हा राज्याच्या तिजोरीत पैसा कमी होता, आणि प्रयोगशाळा आजच्या मानाने प्राथमिक होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नगरच्या दक्षिणेला, दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत पुणे पोलिसांना शेकडो किलो मेफेड्रोन सापडले. नगरहून दौंडमार्गे तिथवर सरळ रस्ता जातो. ज्या जिल्ह्याने एकेकाळी परवान्याने गांजा पिकवला, त्याच्या उंबऱ्याशी आता कारखान्यात बनलेली पांढरी पूड आहे. ती घेणारा माणूस घरी बसून राहत नाही, तो दुचाकीवर बसतो, टेम्पो चालवतो.

उपाय म्हणून मधल्या काळात दारूची दुकाने हलवून पाहिली. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री बंद केली. एप्रिल २०१७ पासून रस्त्याकडेच्या परमिट रूम ओस पडल्या. त्याआधीच मार्चअखेरीस वीस हजारांपर्यंतच्या वस्तीला हे अंतर २२० मीटर झाले, आणि जुलैमध्ये न्यायालयाने खुलासा केला की नगरपालिका हद्दीतल्या महामार्गांना हा आदेश लागू नाही. ज्या रस्त्यावर देवळाली प्रवरा नगरपरिषदेसारखी शहरी हद्द आणि ग्रामपंचायतींच्या हद्दी एकापाठोपाठ येतात, तिथे याचा अर्थ काय झाला ते उघड आहे. चालकाने दारू पाच किलोमीटर अलीकडे घेतली की पलीकडे, याने त्याच्या रक्तातला आकडा बदलत नाही.

शिक्षेशिवाय आणखी एक गोष्ट घरोघरी कळायला हवी. प्यालेल्या चालकाने अपघात केला तर त्याच्या स्वतःच्या गाडीची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते. दिल्लीत २००७ मध्ये झालेल्या अशाच एका पोर्शे अपघातात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कर्जावर घेतलेला ट्रॅक्टर किंवा पिकअप असेल तर हप्ते सुरूच राहतात आणि गाडी भंगारात जाते.

देवळाली प्रवराच्या, राहुरीच्या आणि या रस्त्यावरच्या सगळ्या गावांच्या वाचकांना माझी विनंती आहे. अपघात झाल्यावर आपण जखमींना उचलतो, तेवढ्यावर थांबू नका. चालकाला पकडले असेल तर त्याला हात लावू नका, पोलिसांच्या स्वाधीन करा आणि रक्त घेतले का हे विचारा. कायद्याप्रमाणे नशेत चालवण्याच्या गुन्ह्यात अटक झाल्यापासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडावे लागते. नशा दारूची वाटत नसेल, तर अमली पदार्थांसाठीही नमुना तपासा असे लेखी सांगा. फिर्यादीत ते येऊ द्या. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल (सीए रिपोर्ट) आला की नाही याची महिन्याभराने चौकशी करा, कारण तो मागणारे कोणी नसेल तर खटल्यात तो येतच नाही. आणि कलम १८५ मधल्या अमली पदार्थांच्या त्या नव्वदीकडे झुकलेल्या वाक्यात आकडा घालावा, ही मागणी आपल्या खासदारांपुढे ठेवा. हा केंद्राचा कायदा आहे, तो संसदेतच बदलेल.